घशातल्या त्या दोन गाठी काय काम करतात?

पोराने दोन दिवस भाकरीला हात लावला नाही, थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी येते, अंग तव्यासारखे तापले आहे, असे झाले की आई त्याला दारात उजेडाला उभे करते आणि "आ कर" म्हणते. चमच्याच्या दांड्याने जीभ दाबली की पडजिभेच्या दोन्ही बाजूंना सुजलेल्या, लालबुंद दोन गाठी दिसतात. कधी कधी त्यांवर पांढरे ठिपकेही असतात. "टॉन्सिल वाढलेत" हा निकाल वस्तीत कोणीही देऊ शकतो, त्याला डॉक्टर लागत नाही. पुढचे मात्र घरोघर निराळे. कोणी कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या करायला लावते, ते ठीकच. कोणी पडजीभ बोटाने वर दाबणाऱ्या म्हातारीकडे नेते, कोणी बुवाचा अंगारा आणते. कोणी जवळच्या डॉक्टरकडून औषध आणते आणि ताप उतरला की तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद करते. आणि असे चार-पाच वेळा झाले की घरातले कोणीतरी म्हणतेच, "काढून टाका त्या गाठी एकदाच्या! नाहीतरी त्यांचा उपयोग काय?"

उपयोग काय, हा प्रश्न रागाने विचारला जातो. आम्हाला तो शांतपणे विचारण्यासारखा वाटतो. बाबासाहेबांनी आपल्याला जो धम्म दिला तो 'कशामुळे काय होते' हे विचारणारा धम्म आहे. प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द आपण विहारात ऐकतो, पण तो घरातल्या आजारपणालाही लावून पाहायला हवा. नशीब, दृष्ट, गेल्या जन्मीचे पाप हे सगळे आपण १९५६ साली सोडले. मग त्या जागी आजाराचे खरे कारण माहीत करून घेण्याची जबाबदारीही आपल्यावर येते. म्हणून या वेळी कुटुंबाच्या पानावर या दोन गाठींची हकिगत सांगत आहोत. मधला थोडा भाग किचकट आहे. सावकाश वाचावा, लागल्यास घरातल्या शिकत्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा.

नाक्यावरची चौकी

शाळेच्या पुस्तकात टॉन्सिलला गिलायू म्हणतात. तो शब्द कोणाच्या तोंडी ऐकल्याचे आम्हाला आठवत नाही, तेव्हा आपण टॉन्सिलच म्हणू. आपल्याला दोनच दिसतात, पण तशाच गाठी नाकाच्या मागे वरच्या बाजूला असतात (त्यांना डॉक्टर अ‍ॅडिनॉइड म्हणतात), जिभेच्या मुळाशीही असतात आणि कानाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशीही असतात. हवा आणि अन्न आत शिरते त्या वाटेभोवती या सर्वांचे मिळून एक कडेच तयार झालेले आहे. वाल्डायर नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८८४ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला वाल्डायरचे कडे असे नाव पडले.

शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा, तशी ही जागा. जे काही आत येणार ते इथूनच येणार. गाठीचा पृष्ठभाग वरून साधा दिसला तरी प्रत्येक टॉन्सिलमध्ये दहा ते तीस खोल भेगा असतात आणि त्यांना आत आणखी फाटे फुटतात. जणू अरुंद गल्ल्याच. अन्नाचे बारीक कण, धूळ, जंतू या गल्ल्यांत अडकतात आणि तिथे त्यांची तपासणी होते. काखेत, जांघेत ज्या गाठी असतात त्यांच्याकडे शरीरातला मजकूर नळ्यांमधून वाहत येतो. टॉन्सिलला अशी आत येणारी नळीच नाही. तो बाहेरून येणाऱ्या मालाचा नमुना स्वतः थेट उचलतो. गल्लीची भिंत त्यासाठी मुद्दाम जाळीदार, विरळ ठेवलेली असते.

म्हणजे टॉन्सिल वारंवार सुजतो यात नवल काही नाही. चौकीवर झटापट व्हायचीच. लहान मुलांत तर ती रोजचीच, कारण जगातले सगळे जंतू त्यांना नवे असतात. म्हणूनच साधारण चार ते आठ वर्षांच्या वयात टॉन्सिल सर्वांत मोठे असतात आणि वयात आल्यानंतर हळूहळू लहान होत जातात. मूल निरोगी असेल, नीट जेवत-झोपत असेल, तर नुसते मोठे दिसणारे टॉन्सिल हा आजार नव्हे.

कोंबड्यांनी सांगितलेली गोष्ट

या चौकीत पहारा कोणाचा? रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा. त्यांच्यात दोन मोठ्या जमाती आहेत, बी पेशी आणि टी पेशी. दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारख्या दिसतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हेच शास्त्रज्ञांना फार दिवस कळले नव्हते. ते कसे कळले याची गोष्ट मोठी मजेदार आहे.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी कोंबड्यांवर अभ्यास करीत होता. कोंबडीच्या विष्ठेच्या वाटेजवळ एक लहानशी पिशवी असते. इटलीतल्या फॅब्रिशियस नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने तिचे वर्णन तीनशे वर्षांपूर्वीच केले होते, पण तिचा उपयोग कोणालाच ठाऊक नव्हता. ग्लिकने ती काढून पाहिली. कोंबड्यांना काही झाले नाही, त्या मजेत दाणे टिपत राहिल्या. पुढे टिमोथी चँग नावाच्या त्याच्या सहकाऱ्याला वर्गात मुलांना प्रयोग दाखवायचा होता. कोंबडीला जंतू टोचले की तिच्या रक्तात त्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, एवढा साधा प्रयोग. त्याने ग्लिककडून काही कोंबड्या मागून घेतल्या. जंतू टोचल्यावर त्यांतल्या काही मेल्या आणि ज्या जगल्या त्यांच्या रक्तात प्रतिपिंडांचा पत्ता नाही! पाहतात तो काय, या त्याच कोंबड्या, ज्यांची पिशवी काढली होती.

दोघांनी हा शोध एका नामांकित नियतकालिकाकडे पाठवला. तिथून तो परत आला. शेवटी तो छापला कोंबडीपालनाच्या एका नियतकालिकाने, आणि तोही १९५६ साली, ज्या वर्षी नागपूरला आपली दीक्षा झाली. मोठ्यांनी नाकारले म्हणून खरे ते खोटे होत नाही, याचा अनुभव आपल्या समाजाला निराळा सांगायला नको.

त्या पिशवीचे नाव बर्सा, म्हणून तिथे तयार होणाऱ्या पेशी त्या बी पेशी. माणसाला ती पिशवी नसते. आपल्या बी पेशी हाडांच्या मगजात तयार होतात. पुढे १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या छातीतली थायमस नावाची ग्रंथी काढली. तोवर ती ग्रंथी निरुपयोगी समजली जात असे. ते उंदीर जंतूंना बळी पडू लागले. थायमसमध्ये शिकून तयार होणाऱ्या पेशी त्या टी पेशी. १९६५ साली मॅक्स कूपर यांनी कोंबड्यांवरच काम करून या दोन वेगळ्या जमाती आहेत हे पक्के केले. १९६८ साली मिलर आणि त्यांचे विद्यार्थी ग्रॅहम मिचेल यांनी दाखवून दिले की प्रतिपिंडे तयार करतात त्या बी पेशी, पण टी पेशींनी मदत केल्याशिवाय त्यांना ते नीट जमत नाही.

निरुपयोगी पिशवी, निरुपयोगी ग्रंथी आणि आपले निरुपयोगी टॉन्सिल! शरीरात ज्याचे काम आपल्याला कळत नाही त्याला निरुपयोगी म्हणण्याची घाई माणसाने किती वेळा केली, ते पाहावे.

दोन सह्यांचा चेक

आता प्रतिपिंड म्हणजे काय ते पाहू. करोनाच्या दिवसांत 'अँटिबॉडी' हा शब्द घरोघर पोचला, तेच हे. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा प्रथिनाचा एक कण. त्याची दोन टोके एखाद्या ठरावीक जंतूच्या ठरावीक भागावर अशी बसतात, जशी किल्ली आपल्याच कुलपात बसते. चिकटला की त्या जंतूला पेशीत शिरता येत नाही आणि भक्षक पेशींना तो लगेच ओळखू येतो. गोवराचे प्रतिपिंड गोवरालाच चालते, घटसर्पाला नाही.

मग प्रश्न पडतो, इतक्या जंतूंसाठी इतक्या किल्ल्या शरीर आधीच कशा करून ठेवते? प्रत्येक बी पेशी जन्मताना काही जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसून आपली स्वतःची एक किल्ली बनवते. जपानचे सुसुमु तोनेगावा यांनी ही पिसण्याची रीत शोधली आणि १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळवले. त्यामुळे अंगात कोट्यवधी बी पेशी कोट्यवधी वेगवेगळ्या किल्ल्या घेऊन फिरत असतात. त्यांतल्या बहुतेकींना त्यांचे कुलूप जन्मात भेटत नाही. ज्या एखादीला भेटते तिचीच पुढे वाढ होते.

ही भेट घडवून आणण्याची जागा म्हणजे टॉन्सिल. ते कसे, हे कचेरीच्या भाषेत सांगितले तर आमच्यासारख्या फायलींत दिवस घालवणाऱ्याला समजते, वाचकांनाही समजेल.

समजा, फ्लूचा विषाणू घशात आला. पहिले टेबल डेंड्रायटिक पेशीचे. अंगाला झाडासारख्या फांद्या फुटलेल्या या पेशी गल्लीच्या भिंतीत दबा धरून असतात. विषाणू गिळायचा, त्याचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा आपल्या अंगावर लावून टी पेशींपुढे धरायचा, हे त्यांचे काम. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ साली त्यांचा शोध लावला तेव्हा बरीच वर्षे पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. २०११ साली त्यांना नोबेल जाहीर झाले, पण तीन दिवस आधीच ते वारले होते. समितीला ते माहीत नव्हते. पारितोषिक मागे घेतले नाही, हे बरेच झाले.

तर तो तुकडा हजारो टी पेशी येऊन पाहतात आणि पुढे जातात. एखादीला तो ओळखू येतो. ती जागी होते, तिच्यासारख्या अनेक तयार होतात. त्यांतल्या काही 'मदतनीस' होऊन बी पेशींच्या वस्तीकडे सरकतात. अशा खास मदतनीस टी पेशींची ओळख पटली तीच मुळी माणसाच्या कापून काढलेल्या टॉन्सिलमधून, २००० साली, युरोपातल्या दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत.

दुसरीकडे, ज्या बी पेशीची किल्ली विषाणूला लागली तिनेही त्याला आत ओढून त्याचे तुकडे केलेले असतात आणि एक तुकडा बाहेर मांडलेला असतो. दोघींची गाठ पडते. टी पेशी तो तुकडा तपासते. आपल्याला दाखवलेला होता तोच हा, अशी खात्री झाली तरच ती मंजुरीची खूण देते. संस्थेच्या चेकवर जशा दोन सह्या लागतात तशीच ही पद्धत. अध्यक्षाची झाली, खजिनदाराची नाही, तर बँक पैसे देत नाही. ही अट कशासाठी? बी पेशींच्या किल्ल्या आंधळेपणाने बनलेल्या असतात. त्यांतली एखादी आपल्याच शरीराच्या भागाला लागू शकते. तिने एकटीने निर्णय घेतला तर घरचेच घर जाळतील. म्हणून दुसरी सही.

ही दुसरी सही मिळाली नाही तर काय होते, हे एका दुर्मिळ आजारात दिसते. काही मुलगे जन्मतःच असे असतात की त्यांच्या टी पेशींकडे ती खूण देणारे प्रथिनच नसते. त्यांच्या बी पेशी शाबूत असतात, पण चांगली प्रतिपिंडे बनत नाहीत आणि मुले वारंवार आजारी पडतात. दुसऱ्या एका आजारात बी पेशीच तयार होत नाहीत. १९५२ साली अमेरिकेत ब्रूटन नावाच्या लष्करी डॉक्टरांनी आठ वर्षांच्या एका मुलात तो प्रथम ओळखला. अशा मुलांच्या घशात पाहिले तर टॉन्सिल जवळजवळ नसतातच. म्हणजे सतत न्यूमोनिया होणाऱ्या मुलाच्या घशात टॉन्सिल दिसले नाहीत, तर शहाणा डॉक्टर खूश होत नाही, काळजीत पडतो.

आतली तालीम

मंजुरी मिळालेली बी पेशी काय करते? काही जणी लगेच कामाला लागतात आणि कामचलाऊ प्रतिपिंडे सोडतात. पण बाकीच्या टॉन्सिलच्या आत एका गोल जागेत शिरतात. तिला जर्मिनल सेंटर म्हणतात. आपण तालीम म्हणू, कारण आखाड्यात जे चालते तेच तिथे चालते.

या तालमीचे दोन भाग असतात, एक गडद आणि एक उजळ. गडद भागात बी पेशी झपाट्याने दुप्पट, चौपट होत जातात आणि होताना आपल्या किल्लीच्या जनुकात मुद्दाम चुका करतात. शरीरात इतरत्र जनुकात चूक होणे ही धोक्याची गोष्ट, इथे मात्र ती नेहमीपेक्षा सुमारे दहा लाख पट जास्त वेगाने घडवली जाते. बहुतेक चुकांनी किल्ली बिघडते. एखादीने ती अधिक घट्ट बसू लागते. मग त्या पेशी उजळ भागात येतात. तिथे विषाणूचे नमुने अंगावर घेऊन बसलेल्या निराळ्या पेशी असतात. ज्या बी पेशीची किल्ली चांगली, तिला तो नमुना जास्त उचलता येतो. जिने जास्त उचलला तिलाच टी पेशीची मदत मिळते, कारण टी पेशी थोड्या आणि मागणाऱ्या पुष्कळ. जिला मदत मिळाली ती पुन्हा गडद भागात जाऊन आणखी सुधारून येते. जिला मिळाली नाही ती तिथेच मरते आणि भक्षक पेशी तिला खाऊन टाकतात. असे फेरे कित्येक दिवस चालतात. शेवटी बाहेर पडणारे प्रतिपिंड पहिल्या दिवसाच्या प्रतिपिंडापेक्षा किती तरी पक्के असते.

बाहेर पडणाऱ्या पेशींचे दोन प्रकार. एक प्लाझ्मा पेशी, म्हणजे प्रतिपिंडांचे कारखानेच. एकेक पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडे सोडू शकते. काही टॉन्सिलमध्येच राहतात, काही हाडांच्या मगजात जाऊन वर्षानुवर्षे काम करतात. दुसऱ्या स्मृती पेशी. त्या काही करीत नाहीत, फक्त लक्षात ठेवतात. तोच जंतू पुन्हा आला की पहिल्या वेळी जिथे एक-दोन आठवडे लागले होते तिथे काही दिवसांत काम होते. आपण बाळाला लस देतो ती या तालमीसाठीच. खऱ्या जंतूऐवजी त्याचा निर्जीव किंवा नरम केलेला नमुना देऊन पेशींना आधीच तयार करून ठेवायचे.

हे सर्व माणसात प्रत्यक्ष पाहायचे तर अडचण अशी की जिवंत माणसाची गाठ कापून पाहता येत नाही. तिथे पुन्हा टॉन्सिलच उपयोगी पडला. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात लिसा वागर आणि मार्क डेव्हिस यांच्या गटाने, शस्त्रक्रियेत काढलेले आणि एरवी कचऱ्यात गेले असते असे टॉन्सिल रुग्णांच्या संमतीने घेतले. त्यांच्या पेशी सुट्या केल्या आणि काचपात्रात एकत्र ठेवल्या. थोड्याच दिवसांत त्या पेशींनी आपसांत पुन्हा जुळवून घेतले आणि गडद-उजळ भागांसह छोटी तालीम उभी केली! तीत फ्लूची लस टाकली, तर फ्लूची प्रतिपिंडे तयार झाली. रेबीजची लस आणि करोनाची एक लस टाकूनही त्यांनी पाहिले. मदतनीस टी पेशी काढून टाकल्या तेव्हा काम कोलमडले. २०२१ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. पुढे नवी लस माणसाला टोचण्याआधी अशा टॉन्सिलच्या पेशींवर ती चालते का, हे पाहता येऊ लागले आहे.

इथे एक गोष्ट आम्हाला सांगावीशी वाटते. या पेशींमध्ये श्रेष्ठ कोण? डेंड्रायटिक पेशीला प्रतिपिंड बनवता येत नाही, टी पेशीलाही येत नाही, आणि बी पेशीला त्यांच्यावाचून येत नाही. कोणी डोक्यातून जन्मला आणि कोणी पायातून, असली भानगड तिथे नाही. सगळ्या एकाच हाडाच्या मगजातून निघालेल्या.

कधी कधी चौकीच बिघडते

आता आई-बापांच्या कामाची गोष्ट. काही मुलांचा घसा वर्षातून सहा-सात वेळा का धरतो? "थंड खाल्ले, आंबट खाल्ले" हे नेहमीचे उत्तर. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली एक वेगळे उत्तर प्रसिद्ध केले. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने वारंवार घसा धरणाऱ्या मुलांच्या काढलेल्या टॉन्सिलमध्ये या तालमी लहान आढळल्या, त्या जंतूच्या एका विषाविरुद्धची प्रतिपिंडे कमी आढळली, आणि काही मदतनीस टी पेशी तर मदत करण्याऐवजी बी पेशींनाच मारू शकतील अशा झालेल्या होत्या. हा कल काही घराण्यांत जास्त दिसतो. तेव्हा पोराला "तूच काहीतरी खाल्ले असशील" म्हणून रागावण्यात अर्थ नाही.

याच जंतूची दुसरी बाजू फार गंभीर आहे. कधी कधी त्याच्याविरुद्ध बनलेली प्रतिपिंडे आणि पेशी आपल्याच हृदयाच्या झडपांवर उलटतात, कारण त्या जंतूचे काही भाग आपल्या शरीरातल्या भागांसारखे असतात. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मुलाला पुन्हा ताप येतो. आज गुडघा सुजतो, उद्या घोटा, परवा मनगट. धाप लागते. हा ऱ्हुमॅटिक ताप. तो साधारण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना धरतो. सांधे बरे होतात, झडप मात्र कायमची खराब होऊ शकते. मग पोरगी लग्नाची झाली, पहिले बाळंतपण आले, की अचानक कळते की हृदयाची झडप आवळलेली आहे.

हा आजार गरिबाच्या घरात जास्त का? दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे झोपतात, एकाचा खोकला सगळ्यांना, म्हणून. श्रीमंत देशांत पेनिसिलिन येण्याआधीच हा आजार कमी होऊ लागला होता, कारण घरे मोठी झाली, दाटी कमी झाली. त्यामुळे घरासाठीचा मोर्चा हा आरोग्याचाही मोर्चा असतो, असे आम्ही म्हणतो तेव्हा काही मंडळी हसतात. हसू द्यावे.

घर मिळेपर्यंत करायचे ते हे. मुलाचा घसा दुखून ताप आला, गिळता येईना, गळ्याखाली गाठी दुखू लागल्या, आणि सर्दी-खोकला मात्र नाही, तर ते बहुधा या जंतूचे लक्षण असते. सरकारी दवाखान्यात दाखवावे. डॉक्टरने पेनिसिलिनच्या गोळ्या दहा दिवसांच्या दिल्या तर दहाही दिवस द्याव्यात, ताप दुसऱ्या दिवशी उतरला तरीही. दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरी ऱ्हुमॅटिक ताप टाळता येतो. उलट, सर्दी-पडशाने घसा धरला असेल तर तो विषाणू असतो. त्याला ही औषधे लागू पडत नाहीत, उगाच मागू नयेत.

काढावेत की ठेवावेत?

न्यूयॉर्कमधला एक जुना हिशेब आहे, १९३४ साली छापलेला. अकरा वर्षांची १००० शाळकरी मुले घेतली. त्यांतल्या ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले! उरलेली ३८९ डॉक्टरांना दाखवली. त्यांनी १७४ जणांना काढायला सांगितले. ज्यांना नको म्हटले ती २१५ मुले दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली. त्यांनी त्यांतल्या ९९ जणांना काढायला सांगितले. उरली ११६. ती तिसऱ्यांदा दाखवली, तर आणखी ५१ निघाली. हजारांतली ६५ मुले शेवटी सुटली. दर वेळी जवळजवळ निम्मी! मुलांचे घसे बघून निर्णय झाला, की डॉक्टरांच्या सवयीने, हे वाचकांनीच ठरवावे. आम्ही बी. कॉम. झालो तेव्हा ऑडिट शिकलो, पण इतके बोलके ऑडिट फार थोडे पाहिले.

पुढे हिशेब बदलत गेला. पोलिओचा विषाणू टॉन्सिलमध्येही वाढतो. अमेरिकेत काम करणारे डॉ. प्यारे ओग्रा यांनी १९७१ साली दाखवले की टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइड काढल्यावर मुलांच्या नाका-घशातली पोलिओविरुद्धची प्रतिपिंडे घटतात. डेन्मार्कमध्ये सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदी तपासून २०१८ साली सांगितले गेले की लहानपणी टॉन्सिल काढलेल्यांना पुढे श्वसनाचे आजार अधिक दिसतात. मात्र मुळात आजारी मुलांचेच टॉन्सिल काढतात, तेव्हा हा दोष सगळा शस्त्रक्रियेच्या माथी मारता येत नाही.

आणि टॉन्सिल काढले म्हणून कोणी लुळा पडत नाही. कड्यातल्या बाकीच्या गाठी आणि मानेतल्या गाठी काम चालवून घेतात. गरज असेल तिथे शस्त्रक्रिया चांगलीच. मूल रात्री मोठ्याने घोरते, मध्येच श्वास अडकतो, दचकून उठते, दिवसा पेंगते, तर हे दुखणे खरे आहे आणि काढल्याने बरे होते. घशाच्या संसर्गासाठी जगभर एक माप वापरतात. अमेरिकेतल्या डॉ. पॅराडाइज यांच्या १९८४ च्या अभ्यासातले ते माप असे: एका वर्षात सात वेळा, किंवा दोन वर्षे दर वर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षे दर वर्षी तीन वेळा घसा चांगलाच धरला, तर विचार करावा. त्याहून कमी असेल तर थांबून पाहिलेले बरे.

त्यासाठी लागते ती घरातली नोंद. डॉक्टर विचारतो, "किती वेळा झाले?" आणि आपण म्हणतो, "सारखेच होते." एक साधी चाळीस पानी वही करावी. तारीख, ताप किती, गिळता येत होते का, खोकला होता का, कोणते औषध किती दिवस घेतले, शाळा किती दिवस बुडाली. कर्ज काढून खासगी दवाखान्यात पोराला टेबलावर झोपवण्याआधी ही वही घेऊन सरकारी इस्पितळाच्या कान-नाक-घसा विभागात दुसरे मत घ्यावे.

ज्या मुलाला एकदा ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेला आहे त्याची गोष्ट वेगळी. त्याला दर तीन ते चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे लांब मुदतीचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते, मूल ठणठणीत दिसत असले तरीही. इंजेक्शन दुखते, म्हणून पोरे टाळतात आणि आयांना दया येते. गावाला जायचे असेल, लग्नसराई असेल, परीक्षा असेल, तर तारखेच्या आधी दवाखान्यात जाऊन विचारावे, कार्ड सोबत न्यावे आणि जिथे जाल तिथल्या सरकारी दवाखान्यात ते दाखवून इंजेक्शन त्याच तारखेला घ्यावे.